गल्लीत वर्गणी काढून स्पीडब्रेकर टाकावा का? (कोथरूड, पुणे)

स्वराली_कोथरूड

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कोथरूडला राहतो, कर्वे रोडच्या आतल्या बाजूला ज्या गल्ल्या आहेत त्यातल्या एकीत. मी लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळी इथे पोरं क्रिकेट खेळायची, लांबून गाडी दिसली की एकजण "गाडीऽऽ" करून ओरडायचा आणि सगळे स्टंप उचलून कडेला व्हायचे. आता मेन रोडला जरा तुंबलं की मोबाईलचा मॅप सगळ्यांना आमच्याच गल्लीतून काढून देतो, आणि त्यात गल्लीच्या तोंडाशी डिव्हायडरला कट नाही, पुढे लांब जाऊन वळून यावं लागतं, त्यामुळे टू-व्हीलरवाले सर्रास रॉंग साईडने येऊन आत घुसतात.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी साडेसातला माझे सासरे दूध आणि देवाची फुलं घेऊन परत येत होते. वय ७६, पण तब्येत उत्तम, रोज चालणारे. कोपऱ्यावर एक मोठी गाडी कायम लावलेली असते, तिला वळसा घालून ते जरा रस्त्यात आले आणि रॉंग साईडने आलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने त्यांना उडवलं. आवाजच नसतो हो त्या गाड्यांना, बाबा म्हणतात मला काही कळायच्या आत मी खाली होतो. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकरवर आहेत. ज्याने धडक दिली तो मुलगा पळाला नाही हे सांगायलाच हवं, आईला घेऊन हॉस्पिटलला आला आणि रडत होता. आणि बाबांना रिक्षात घालून नेलं ते कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी, गाडा तसाच सोडून. पोलिसांचं लफडं मागे लागेल म्हणून त्या आधी घाबरल्या होत्या, तरी गेल्या.

आता प्रश्न. गल्लीतल्या चार सोसायट्यांची मीटिंग झाली. शेजारच्या साईटचा कंत्राटदार म्हणतोय की उरलेला माल आहे, एका रात्रीत दोन स्पीडब्रेकर टाकून देतो, थोडी वर्गणी काढा. बहुतेक लोक तयार आहेत, काहीजण म्हणतायत गेटच लावू. मलाही वाटतंय टाकून मोकळं व्हावं, कारण ऑफिसात अर्ज देऊन उत्तर कधी यायचं? पण आमचे हे म्हणतात असं आपल्या मनाने टाकता येत नाही. कुणाला अनुभव आहे का? प्लीज सांगा, रविवारी परत मीटिंग आहे.

रस्तेवाला

स्वरालीताई, आधी काकांना लवकर बरं वाटू दे. मी रस्त्यांच्या कामात उभी नोकरी काढली, आता रिटायर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो माल टाकू देऊ नका. हात जोडून सांगतो. रात्री टाकलेला कॉंक्रीटचा उंचवटा म्हणजे स्पीडब्रेकर नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचं स्पीडब्रेकरसाठी वेगळं मानक आहे, आयआरसी ९९, त्यात गोल पाठीचा उंचवटा दिलाय तो ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच. ३.७ मीटर म्हणजे जवळपास एका कारच्या लांबीएवढा! त्याच्यावरून साधारण २५ च्या स्पीडने गाडी आरामात जाते आणि त्यापेक्षा जोरात गेली की दणका बसतो, म्हणून माणूस आपोआप स्लो होतो. कंत्राटदार टाकतो तो फूट-दीड फूट रुंदीचा वरवंटा, त्यावर १० च्या स्पीडलाही मणका हलतो, आणि गंमत नाही सांगत, जोरात येणारा पोरगा त्याच्यावरून नाही जात, तो कडेच्या फटीतून जातो, म्हणजे नेमका जिथून माणसं चालतात तिथून. परत त्याच्या आधी ४० मीटरवर बोर्ड हवा, वर पांढरे पट्टे हवेत, पावसाचं पाणी अडणार नाही असा उतार हवा. तुमच्या गल्लीत उद्या कुणाला ऍम्ब्युलन्सने न्यायची वेळ आली आणि पेशंटला मणक्याची दुखापत असली तर? आणि रात्री कुणी त्याच्यावरून पडलं तर टाकणाऱ्यांवर येणार.

पण मला तुमच्या पोस्टमधलं दुसरंच वाक्य खटकलं. "कोपऱ्यावर एक मोठी गाडी कायम लावलेली असते." ताई, काकांना स्पीडब्रेकर नसल्यामुळे धडक बसली की त्या गाडीमुळे? हिशोब करा. ४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. २५ ला ७ मीटर. माणूस दिसल्यावर ब्रेकवर हात जाईपर्यंतच एक सेकंद जातो. आता त्या उभ्या गाडीमागून काका बाहेर आले तेव्हा स्कूटर किती मीटरवर होती? तीन? चार? मग स्पीड २५ असता तरी धडक बसलीच असती, लागलं कमी असतं एवढंच.

वळणावर, चौकाच्या तोंडाशी आणि फूटपाथवर गाडी लावायची नाही हे काही सोसायटीचा नियम म्हणून नाही सांगत, केंद्राच्या २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांतच आहे. आधी तो कोपरा मोकळा करा. त्याला वर्गणी लागत नाही.

रविवारच्या आधी एक काम करा. सकाळी आठ ते नऊ कोपऱ्यावर कुणीतरी वही घेऊन बसा. कोण कुठून येतं, रॉंग साईडने किती, माणसं फूटपाथ सोडून रस्त्यात नेमकी कुठे उतरतात, एवढंच लिहा. अर्जाला ते जोडलं की वजन येतं, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला स्वतःला कळतं की दुखणं नक्की कुठे आहे.

शनिवारपेठी

एवढं मोजत बसण्यापेक्षा गेट लावा ना सरळ. आमच्या इथे पेठेत तर घराच्या उंबऱ्यातून पाऊल टाकलं की गाडी. माझ्या आईने तीन वर्षं झाली एकटीने रस्ता ओलांडला नाहीये. लोकांना शिस्त लावायचे दिवस गेले, बाहेरच्यांना आत येऊच द्यायचं नाही.

रस्तेवाला

राग समजतो हो. पण तो रस्ता सार्वजनिक असेल तर गेट लावता येत नाही, आणि लावलं तर फायर ब्रिगेडची गाडी रात्री दोन वाजता गेटच्या किल्लीसाठी वॉचमन शोधणार. शिवाय चार सोसायट्यांनी गेट लावलं की ती सगळी वाहतूक शेजारच्या गल्लीत, आणि तिथेही कुणाचे तरी बाबा दूध आणायला जातातच.

पार्सलवाला_पोरगा

मी डिलिव्हरी करतो, कोथरूड वारजे कर्वेनगर एरिया. रॉंग साईडने येणाऱ्यात आम्ही पण असतो ताई, खोटं बोलणार नाही. मॅप रस्ता दाखवतो पण टायमर चालू असतो, कट लांब असला की तीन-चार मिनिटं जातात आणि कस्टमर वरून फोन करतं कुठे आहात कुठे आहात. पण तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, माझे आजोबा गावाकडे तेवढेच आहेत.

दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे तसला घरगुती स्पीडब्रेकर टाकूच नका, मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीसमोर रात्री लाईट गेलेली, उंचवटा दिसलाच नाही, गाडीवरून गेलो तो थेट पुढे, मनगट फ्रॅक्चर, दीड महिना घरी. तिथे ना पट्टा ना बोर्ड. दुसरं म्हणजे तुमच्या सोसायट्यांचे पत्ते. आम्हाला मॅपवर पत्त्याचा जो पिन येतो तो कधी मागच्या गल्लीत पडतो कधी मेन रोडवर, मग आम्ही शोधत फिरतो, मोबाईलकडे बघत चालवतो, आणि अपघात तेव्हाच होतात. सगळ्यांनी आपापला पिन गेटवर बरोबर लावा आणि कुठल्या बाजूने आत यायचं ते सूचनेत लिहा, "अमुक चौकातून वळून या, घाई नाही" असं कुणी लिहिलं ना तर खरंच बरं वाटतं, मग कोण कशाला उलटं येईल.

जुना_डेपो

वरच्या पोरानं खरं बोलला, त्याचं कौतुक. मी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर, ड्रायव्हर म्हणून लागलो, २००७ ला पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झालं तेव्हा स्टेअरिंगवरच होतो, रिटायर होईपर्यंत बसच चालवली. मी ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसतं ते सांगतो कारण चालणाऱ्या माणसाला ते माहीत नसतं.

बसच्या अगदी नाकासमोर लहान पोरगं उभं असलं तर ड्रायव्हरला दिसत नाही. काचेच्या खाली जातं ते. डाव्या बाजूला दरवाजाच्या मागे टू-व्हीलर घुसली तर तीही दिसत नाही, आरशात एक क्षण येते आणि जाते. म्हणून घरच्या पोरांना एवढं शिकवा, बसमधून उतरल्यावर बससमोरून पळायचं नाही, बस जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे दिसायला लागला की मग जायचं. बस सुटायच्या आत पळणाऱ्यांमुळे किती वेळा माझ्या पायाखालचा ब्रेक कचकन लागलाय ते मोजलं नाही, पण त्या रात्री जेवण जायचं नाही.

आणि दुसरं, ड्रायव्हरचे डोळे तुम्हाला दिसले नाहीत तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं समजायचं. हात दाखवून चालत सुटू नका, त्याने तुमच्याकडे बघितलं का ते बघा. कोपऱ्यावर लावलेली गाडी ह्याच कारणाने वाईट, दोघांना एकमेकांचे डोळेच दिसत नाहीत.

भाजीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना हेही सांगा की २०१९ ला मोटार वाहन कायद्यात बदल झालाय, कलम १३४ अ, जखमीला मदत करणाऱ्याला कोणी केसमध्ये अडकवू शकत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही ते त्यांच्या मर्जीवर. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.

अनघा_दोन_मुलांची_आई

स्वराली, मला तुझ्या पोस्टमधल्या त्या मुलाबद्दल लिहायचंय. वय किती होतं त्याचं? विचारते कारण माझा मुलगा सोळाचा आहे आणि मागच्या वर्षी आम्ही त्याला क्लासला जायला गाडी देणारच होतो, सगळेच देतात म्हणून. मग १९ मे २०२४ ला कल्याणीनगरचा तो अपघात झाला, अल्पवयीन मुलगा, भरधाव गाडी, दोन तरुण जीव गेले, आणि आमच्या घरात रात्रभर तोच विषय. त्यानंतर नवऱ्याने मोटार वाहन कायदा वाचून काढला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हे २०१९ पासून आहे, आम्हाला पाच वर्षांनी कळलं ह्याचं वाईट वाटतं.

आणि इलेक्ट्रिकबद्दल लोकांचा फार गोंधळ आहे. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि जास्तीत जास्त २५ किलोमीटर स्पीड असलेल्या गाडीलाच लायसन्स-नंबर लागत नाही. बाकी सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटर साध्या स्कूटरसारख्याच, हिरवी नंबरप्लेट असते त्यांना. दुकानदार काहीही सांगतो, गाडीचे कागद बघायचे.

माझा मुलगा आता सायकलने जातो. मला रोज काळजी वाटते कारण सायकलला रस्त्यावर जागाच नाही, पण निदान त्याच्या हातून कुणाचे बाबा पडणार नाहीत.

स्वराली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अनघाताई, मुलगा एकोणीसचा आहे, लायसन्स आहे, कॉलेजला उशीर झाला म्हणून उलटा आला होता.

रस्तेवाला काकांनी सांगितलं तसं केलं. माझी मुलगी नववीत आहे, ती आणि तिची मैत्रीण शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी कोपऱ्यावर वही घेऊन बसल्या. रॉंग साईडच्या गाड्यांना एकेक रेघ मारायची ठरवलं होतं, त्या रेघा एका पानात मावल्या नाहीत. पण काका, तुम्ही म्हणालात ना की आपल्याला स्वतःला कळतं, ते अगदी खरं निघालं. दोन गोष्टी कळल्या ज्या इतकी वर्षं राहून मला दिसल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे उलटे येणाऱ्यात बाहेरचे जेवढे तेवढेच आमच्या चार सोसायट्यांमधले. मुलींनी नावं लिहिली नाहीत पण ओळखीच्या गाड्या होत्या, त्यात आमची पण होती. दुसरी म्हणजे फूटपाथ आहे तरी म्हातारी माणसं त्यावरून चालतच नाहीत. का, तर प्रत्येक सोसायटीने गाड्या आत घ्यायला स्वतःचा रॅम्प करून फूटपाथ कापलाय. वीस पावलं झाली की उतार, मग परत चढ, परत उतार, मध्ये विजेचा डीपी बॉक्स, मध्ये कुंडी. बाबा म्हणाले गुडघ्यांना ते चढ-उतार सोसत नाहीत म्हणून मी पहिल्यापासून रस्त्यानेच चालतो. मला हे माहीतच नव्हतं. मी त्यांना कित्येकदा ओरडलेय, "बाबा फूटपाथवरून चाला" म्हणून.

रस्तेवाला

शाब्बास पोरींनो. त्या वहीची झेरॉक्स अर्जाला लावा.

फूटपाथचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. मानक काय म्हणतं, आयआरसी १०३, चालायला अडथळ्याशिवाय किमान १.८ मीटर रुंदी, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि गेटपाशी फूटपाथ खाली उतरत नाही, गाडीने वर चढून यायचं असतं. म्हणजे चालणारा सपाट चालतो आणि गाडी हळू होते. जंगली महाराज रस्त्यावर जाऊन बघा, तिथला फूटपाथ नव्याने केला तेव्हा हा विचार केलाय, म्हणून तिथे म्हातारी माणसं सलग चालताना दिसतात, बाकावर बसतात. पुणे महापालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करतात. त्या दिवशी काकांना घेऊन जाच. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात धोरणाचं नाव आणि कोर्टाचं हे दोन्ही लिहा, लोक नुसतं "त्रास होतो" लिहितात आणि मग अर्ज फायलीत जातो.

अर्ज एक नको, दोन करा. कोपऱ्यावर नो पार्किंग आणि रॉंग साईडसाठी वाहतूक पोलिसांना, फूटपाथ आणि वळणावर उंच झेब्रासाठी महापालिकेला. दोन्हीकडची पोच घ्या आणि जॉइंट व्हिजिट मागा, म्हणजे दोघं एकाच वेळी जागेवर येतात. नाहीतर हे म्हणतात त्यांचं काम, ते म्हणतात ह्यांचं.

उंच झेब्रा म्हणजे पूर्ण क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला आणायचं. गाडीला तोच स्पीडब्रेकर आणि चालणाऱ्याला उतरायला लागत नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाला मी असतो तर तेच मागितलं असतं.

शनिवारपेठी

वाचतोय सगळं. काका, पेठेत फूटपाथच नाही तिथे काय मागायचं? गल्ली दहा-बारा फुटांची.

रस्तेवाला

तिथे फूटपाथ मागू नका, तो बसणारच नाही. तिथे रस्ता एका पातळीचा ठेवायचा आणि गाडी माणसाच्या चालीने गेली पाहिजे असा करायचा. दोन्ही बाजूंच्या टू-व्हीलर एका बाजूला घ्यायच्या, तीही सलग नाही, थोडं इकडे थोडं तिकडे, म्हणजे गाडीला सरळ सुसाट जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. आणि आईंच्या दाराशी तीन-चार फूट मोकळं. शेजाऱ्यांशी बोलून होण्यासारखं आहे, करून बघा.

स्वराली_कोथरूड

मीटिंग झाली, त्याबद्दल लिहिते.

कंत्राटदाराला नको म्हणून कळवलं. कोपऱ्यावरची गाडी ज्या काकांची आहे ते आधी चिडले, म्हणाले मी काय मुद्दाम लावतो का, आत जागाच नाही. ते खरंच आहे, त्यांच्या फ्लॅटला पार्किंग नाही आणि काकूंना डायलिसिसला न्यायला गाडी जवळ लागते. मग आमच्या शेजारच्या सोसायटीत एक जागा रिकामी पडून होती, मुलगा परदेशात असलेल्या एका कुटुंबाची, त्यांनी फोनवर लगेच हो म्हटलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. आता गाडी तिथे असते.

मोकळा झालेला कोपरा परत भरू नये म्हणून आम्ही बायकांनी रोज सकाळी तिथे रांगोळीने जाड पट्टा काढायला सुरुवात केलीये, साधारण पाच मीटरचा. आज दहावा दिवस. एक टेम्पो सोडला तर कुणी गाडी लावली नाही. भाजीवाल्या मावशी लक्ष ठेवतात, कुणी लावायला लागलं की "दादा तिथं नको, म्हातारी माणसं पडतात" म्हणून सांगतात. त्यांना ते १३४ अ चं वाचून दाखवलं, त्यांनी कागदावर लिहून मागितलं आणि भाजीच्या गाड्यावरच्या पैशांच्या गल्ल्यात ठेवलाय.

रॉंग साईडचं मात्र अजून जमलेलं नाही. आमच्या चार सोसायट्यांनी आपल्या गाड्या वळून आणायचं ठरवलंय, सगळे पाळत नाहीत, मी आणि हे पाळतो. पिन सगळ्यांनी दुरुस्त केले. दोन्ही अर्ज दिले, पोच आहे, जॉइंट व्हिजिट पुढच्या बुधवारी सांगितलीये. काका, त्या दिवशी काय तयारी ठेवू?

अजून एक विचारायचं होतं, हॉस्पिटलच्या बिलासाठी काही योजना असते का? आमचं विम्यातून झालं, पण त्या मावशींवर अशी वेळ आली तर म्हणून विचारतेय.

जुना_डेपो

आहे ताई. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचा उपचार. ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्येच मिळतो, त्यामुळे ११२ ला फोन करून जवळचं कुठलं ते विचारायचं. तुमच्या मावशींच्या कागदावर हेही लिहून द्या.

पार्सलवाला_पोरगा

ताई काल तुमच्याच गल्लीत ऑर्डर होती वाटतं. कोपऱ्यावर रांगोळीचा पट्टा बघितला. आत येताना आता समोरचं लांबूनच दिसतं. मी वळून आलो.

रस्तेवाला

बुधवारसाठी: टेप घेऊन जा, कोपऱ्यापासून मोकळी जागा किती ते त्यांच्यासमोर मोजा. वहीची झेरॉक्स दोन प्रती. काकांना जमत असेल तर वॉकर घेऊन पाच मिनिटं खाली आणा, फूटपाथवरून चालून दाखवू दे, नकाशापेक्षा ते लवकर समजतं. जे ठरेल ते जागेवरच लिहून घ्या आणि सही मागा. आणि मंजूर होऊन पट्टे मारायला माणसं येतील, बहुतेक रात्रीच येतात, त्या दिवशी कडेच्या सगळ्या गाड्या आधीच हलवून ठेवा. गाडी उभी असली की ती जागा सोडून पुढे मारतात आणि परत येत नाहीत.